छापील वेळ

आमच्या विमानतळावरून रोज एकच विमान सुटतं आणि ते एकाच गावाला जातं. सकाळी अकरा चाळीसला. एकोणीस खुर्च्या, दोन पंखे आणि आत शिरताना जो मान वाकवत नाही त्याच्या कपाळावर टेंगूळ. दोन्हीकडचे विमानतळ इतके लहान की सामानाचा फिरता पट्टासुद्धा नाही. सामानवाला हातगाडीवरून बॅगा आणतो आणि ज्याची त्याच्या हातात देतो. तरी रोज कोणीतरी ऐटीत विचारतोच, "पट्टा कुठला?"

लोक आणखी एक गोष्ट विचारतात, आणि ती मात्र मला विचारतात. तिकडचं गाव किती लांब आणि वेळ किती लागतो?

याची माझ्याकडे बरीच उत्तरं आहेत. रस्त्याने गेलात तर दोनशे नव्वद किलोमीटर, कारण मध्ये डोंगर आडवा पडलाय आणि रस्ता त्याला वळसा घालून जातो. सात तास. नकाशावर पट्टी ठेवून मोजलंत तर एकशे एकतीस. विमानाची वाट एकशे अठ्ठेचाळीसची, कारण तिकडच्या धावपट्टीच्या एका टोकाला टेकडी आहे, त्या बाजूने उतरता येत नाही, म्हणून विमान गावावरून पुढे जातं आणि वळून दुसऱ्या बाजूने येतं. तिकिटावर वेळ छापलेली असते एक तास दहा मिनिटं. आणि खरं सांगायचं तर विमान चाक उचलल्यापासून चाक टेकेपर्यंत चौतीस मिनिटं घेतं. अकरा चाळीसला उडालेलं विमान सव्वाबाराला एक मिनिट कमी असताना तिकडे टेकलेलं असतं.

हे मी छातीठोक सांगू शकतो, कारण उड्डाणाचे कागद मीच करतो. इंधन किती, वजन किती, वारा कुठून, वाट कोणती, हे सगळं एका कागदावर मांडायचं आणि कॅप्टनची सही घ्यायची. सोळा वर्षं हेच करतोय. कॅप्टन विमान उडवतो, पण त्याने किती वाजता कुठे असायचं ते मी ठरवतो, असं मी घरी सांगायचो. घरच्यांनी त्यावर माझं नाव मिनिटराव ठेवलं. ठेवलं म्हणजे ताईने ठेवलं. बाकीच्यांनी ते उचललं.

आता छापील वेळ आणि खरी वेळ यांत हा फरक का? जास्तीची छत्तीस मिनिटं कंपनीने मुद्दाम घातलेली आहेत. विमान रखडलं, एखादा प्रवासी ऐनवेळी मुतारीत जाऊन बसला, तरी नोंदवहीत "वेळेवर" असा शिक्का मारता आला पाहिजे. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे आमच्यात एक रीतच पडून गेली होती: गिऱ्हाइकाला छापील वेळ सांगायची, आपल्या माणसाला खरी. सामानवाल्याची सासू तिकडून यायची असली की तो अर्धा तास आधीच फाटकाशी उभा. तिकीट खिडकीवरच्या बाईचा भाऊ लग्नकार्याला अगदी टोकाला निघायचा आणि वेळेत पोचायचा. आमच्या हातात दुसरं काय होतं द्यायला? फुकट तिकीट नाही, पगार असा की सांगायची लाज वाटावी. खरी वेळ तेवढी आमच्या मालकीची होती, ती आम्ही आपल्या माणसांना वाटत होतो.

अप्पा, म्हणजे माझे वडील, तिकडच्या गावात राहायचे, धाकट्या भावाजवळ. सुतारकी केली आयुष्यभर. दोन गोष्टींसाठी त्यांचं नाव होतं, एक हात आणि दुसरा गळा. करवतीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी शेजारी दचकायचे. त्याच गळ्यात गाठ झाली. आधी आवाज बसला, मग फाटला, मग श्वास अडायला लागला. डॉक्टर म्हणाले स्वरयंत्र काढावं लागेल. जगतील, पण बोलणार नाहीत.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं होतं. एके दिवशी संध्याकाळी पाचला धाकट्याचा फोन आला.

"दादा, पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायला नको म्हणतायत. उद्याच करणार. दुपारी एकला आत नेतील."

"बरं. मी रजा टाकतो."

"तू नाही. अप्पा म्हणतायत ताईला बोलाव. आवाज आहे तोवर मला तिच्याशी बोलायचंय, म्हणाले."

नऊ वर्षांत अप्पांनी ताईचं नाव काढलेलं नव्हतं.

ताई आमची थोरली. नवऱ्याचं घर सोडून दोन बॅगा घेऊन ती अप्पांच्या दारात उभी राहिली, तेव्हा अप्पांनी कडी काढली नाही. आतूनच ओरडले, "आलीस तशी जा!" ताई तशीच निघाली आणि माझ्या गावात आली. माझ्या घरी दोन महिने राहिली, मग रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी धरली, खोली घेतली. दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचते आणि त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवते, दुखलेलं कळतसुद्धा नाही. त्या दारातल्या प्रसंगावर ती कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धत नाही.

"फोनवर बोल म्हणावं त्यांना," मी धाकट्याला म्हणालो.

"म्हणालो मी. म्हणतात, फोनवर नको. फोन ठेवून देता येतो."

मी थेट ताईच्या खोलीवर गेलो. सांगितलं. ती भाजी चिरत होती, तिने सुरी खाली ठेवली, हात धुतले, कॉटखालून बॅग ओढली आणि त्यात कपडे टाकायला लागली. बॅगेची चेन लावून झाल्यावर म्हणाली, "नऊची बस आहे. पहाटे चारला पोचते. स्टँड दवाखान्याच्या समोरच आहे ना?"

"बसने कशाला? वळणावळणाच्या रस्त्यावर तुला उलट्या होतात. हाडं खिळखिळी होतील ती वेगळीच. उद्या विमानाने जा."

"तिकिटावर बारा पन्नास लिहिलेलं असतं. विमानतळावरून दवाखाना पंचवीस मिनिटं. सव्वा वाजला. एकला आत नेणार. मलाही हिशेब येतो, मिनिटराव."

"अगं, ते छापील. ते गिऱ्हाइकांना सांगायचं. खरी चौतीस मिनिटं. बारा चौदाला उतरतेस, बारा चाळीसला अप्पांसमोर. वीस मिनिटं निवांत बोला."

ती कॉटवर बसली. बॅगेवर दोन्ही हात ठेवून.

"तुला सांगू का," ती म्हणाली, "नऊ वर्षं माझ्या कानात त्यांचं तेवढं एकच वाक्य आहे. सकाळी उठले की तेच. मला त्यांच्या तोंडून दुसरं काहीतरी ऐकायचंय रे. शिवी दिली तरी चालेल. पण दुसरं."

"ऐकशील की."

"म्हणून म्हणते, बसने जाते. चारला पोचेन, बाकड्यावर बसून राहीन."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. ती बरोबर होती. पण सोळा वर्षं मी कागद करत होतो आणि माझ्या घरातलं एकही माणूस त्या कागदावर बसून कुठे गेलेलं नव्हतं. मला वाटलं, ताईने बघावं. उलट्या न होता, अंग न आंबता, चौतीस मिनिटांत मी तिला डोंगरापलीकडे नेऊन ठेवतोय हे तिने बघावं. काळजी होतीच, नाही असं नाही. पण काळजीच्या आडून शेखीच मिरवत होतो मी.

"सोळा वर्षांत दोन मिनिटांचा फरक पडलेला नाही," मी म्हणालो. "माझ्या शब्दावर चल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग बॅगेतून पांघरायची शाल काढली आणि परत खुंटीला लावली.

"नक्की ना?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी ताई दहालाच विमानतळावर आली. आमच्याकडे माणसांचंही वजन करतात, बॅगेसकट, कारण विमान लहान. ती काट्यावर उभी राहिली आणि सामानवाल्याला म्हणाली, "जोरात वाचू नका हो, भाऊ ऐकतोय." सामानवाला हसला. तिने चांगली साडी नेसली होती आणि केस नीट बांधले होते.

मी आत जाऊन कागद केला. तिकडच्या टॉवरने सकाळचा वारा कळवला होता: मंद, समोरून. हवामानाच्या पत्रकात खाली एक ओळ होती, दुपारकडे वारा फिरण्याची शक्यता. ही ओळ महिन्यातून दहा वेळा असते आणि नऊ वेळा काही होत नाही. तरी नियम म्हणून मी ती कॅप्टनला वाचून दाखवली आणि वर घिरट्या घालाव्या लागल्या तर पुरावं म्हणून पाऊण तासाचं जादा इंधन लिहिलं. कॅप्टनने मान डोलावली, सही केली.

म्हणजे बघा, कॅप्टनला मी सांगितलं. विमानाला पाऊण तास जास्तीचा दिला. ताई काचेपलीकडे वीस पावलांवर बसली होती, तिला सांगितलं नाही. तेव्हाही साडेदहाच वाजले होते. अप्पांना फोन कर, काय असेल ते आत्ताच बोलून घ्या, असं म्हणता आलं असतं. सुचलंच नाही. ही ओळ कॅप्टनच्या कामाची, घरच्या माणसांना चौतीस मिनिटं, अशी माझ्या डोक्यात दोन खणांत वाटणी झालेली होती.

अकरा चाळीसला विमान उडालं. मी वहीत वेळ लिहिली आणि शेजारी पेन्सिलने बारीक लिहिलं, बारा चौदा.

बारा वाजून नऊ मिनिटांनी तिकडच्या टॉवरवाल्याचा फोन आला.

"वारा फिरला," तो म्हणाला. "पाठीमागून येतोय, चौदा नॉटचा. तुमचं विमान वर गोल घालतंय."

उतरताना विमानाला वारा समोरून यावा लागतो, म्हणजे वेग मोडतो. पाठीमागून आला तर तो विमानाला पुढे ढकलत राहतो आणि लहान धावपट्टी अपुरी पडते. दहापर्यंत चालतो, त्यावर नाही. मोठ्या विमानतळावर अशा वेळी दुसऱ्या टोकाने उतरतात. तिकडे दुसऱ्या टोकाला टेकडी. वारा पडेपर्यंत वर फिरत राहायचं, दुसरा इलाज नाही.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"ते वाऱ्याला विचार."

त्याची चूक नाही, एरवी आम्ही असंच बोलतो. मी फोन ठेवला आणि घड्याळाकडे पाहत बसलो. बारा चौदा झाले. बारा वीस झाले. ताईचा फोन विमानात बंद. मी उगाच दोनदा लावून पाहिला.

बारा सव्वीसला धाकट्याचा फोन. "दादा, उतरली का ताई? इथे सगळी तयारी झालीय. अप्पांना कपडे बदलून बसवलंय. सारखे दाराकडे बघतायत."

"येतेय. थोडा वारा आहे."

"म्हणजे?"

"येतेय म्हटलं ना!"

मी त्याच्यावर खेकसलो. धाकट्यावर खेकसणं सोपं असतं. मग टॉवरला फोन लावला. वारा तेरा. मग पुन्हा. चौदा. तिकीट खिडकीवरची बाई चहा घेऊन आली आणि माझं तोंड बघून कप ठेवून निघून गेली. बारा एकेचाळीसला पुन्हा धाकटा.

"अप्पांना तुझ्याशी बोलायचंय. देतो."

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली. मग अप्पांचा श्वास. मी त्यांचा आवाज महिनाभराने ऐकत होतो. ओल्या लाकडात करवत अडकल्यासारखा, थांबत थांबत येत होता.

"कुठवर आली?"

समोर घड्याळ होतं. वहीत पेन्सिलने लिहिलेलं बारा चौदा होतं. विमान अजून आभाळात होतं आणि ते कधी उतरेल हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. "ठाऊक नाही" असं अप्पांना सांगायला मला जमलं नाही. सोळा वर्षांत मी कोणालाच "ठाऊक नाही" असं सांगितलेलं नव्हतं.

"उतरली, अप्पा. गाडीत आहे. आठ मिनिटांत तुमच्यासमोर."

"नक्की?"

"नक्की."

"नाहीतर तुला सांगून ठेवतो," ते म्हणाले. "उशीर झालाच... तर तू सांग तिला. त्या दिवशी मी..."

खोकला आला. फार वाईट खोकला होता, संपता संपेना.

"अप्पा, नका बोलू. घशाला ताण नको. ती आलीच. तिलाच सांगा ना काय ते."

खोकला थांबला.

"बरं," अप्पा म्हणाले. "तिलाच सांगतो."

मी ऐकलेलं त्यांचं तेवढं शेवटचं. धाकट्याने फोन घेतला. मी त्याला म्हणालो, "तू खाली फाटकावर जा, ताईला खोली सापडायची नाही." मला वाटत होतं, आठ नाही तर अठ्ठावीस मिनिटांत तरी येईलच, दवाखान्यात एकचा सव्वा होतोच. अप्पांना एकदा आठ सांगितलंय, आता धाकट्याला काय सांगायचं, असंही वाटत होतं. धाकटा खाली गेला आणि अप्पा खोलीत एकटे राहिले.

विमान बारा एकोणपन्नासला टेकलं.

छापील वेळेच्या एक मिनिट आधी. टॉवरवाल्याने फोनवर सांगितलं, मी वहीत लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात "वेळेवर" असा शिक्का मारला. हाताला सवय होती. शिक्का उमटल्यावर मी त्याच्याकडे पाहिलं. उठून बाहेर गेलो, हातगाडीच्या मागे जाऊन ओकलो.

ताई एक वाजून सोळा मिनिटांनी दवाखान्यात पोचली. जिन्याने धावत गेली. अप्पांना एक वाजून सात मिनिटांनी आत नेलं होतं. नर्सने नंतर धाकट्याला सांगितलं, बरोबर एकला न्यायला आले तेव्हा अप्पांनी खाटेची दांडी धरून ठेवली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करत होते. "येतेय, येतेय," म्हणत होते. सात मिनिटं थांबले बिचारे सगळे. मग भूल देणारा डॉक्टर चिडला आणि दोघांनी मिळून त्यांची बोटं सोडवली.

ताईने मला संध्याकाळी फोन केला. रडली नाही. "ऑपरेशन नीट झालं," एवढं म्हणाली. मग म्हणाली, "वाऱ्यापुढे कोणाचं चालतं? तू मनाला लावून घेऊ नकोस." आठ मिनिटांचं तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. धाकट्याने विचारलं, "तू तर म्हणालास गाडीत आहे?" मी म्हणालो, "टॉवरने चुकीचं कळवलं." टॉवरवाला तिकडे विमानतळावर, तो थोडाच दवाखान्यात येणार होता खरंखोटं करायला.

पाचव्या दिवशी मी तिकडे गेलो. विमानानेच. चौतीस मिनिटं लागली.

अप्पा उशीला टेकून बसले होते. गळ्याला पट्ट्या, पट्ट्यांमध्ये एक नळी, आणि नळीतून श्वास यायचा तेव्हा शिट्टीसारखा बारीक आवाज. चार दिवस गुंगीत काढले होते, आज पहिल्यांदाच नीट शुद्धीत होते. दवाखान्याने एक पांढरी पाटी दिली होती, पुसता येणारी, आणि एक जाड पेन. धाकटा घरी अंघोळीला गेला होता. खोलीत आम्ही तिघंच होतो. ताई खाटेजवळच्या स्टुलावर, मी खिडकीशी.

नऊ वर्षांनी ती दोघं एकमेकांकडे बघत होती. अप्पांचे हात चादरीवर होते, मोठे, खरखरीत, एका अंगठ्याचं नख रंध्याने कायमचं गेलेलं. ताईने त्यांतला एक हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्हाला मला काहीतरी सांगायचं होतं ना? लिहा. मी वाचते. सावकाश लिहा."

अप्पांनी हात सोडवला, पाटी मांडीवर घेतली. शाळा चौथीपर्यंत; लाकडावर मापं लिहायची सवय, तशी ठळक, सुटी अक्षरं काढली. फार वेळ लागला. मग पाटी ताईकडे फिरवली. मला खिडकीशी उभ्या उभ्या सहज वाचता आली.

"आठ मिनिटांवरून परत गेलीस?"

ताईला आधी काही कळलंच नाही. तिने पुन्हा वाचलं. "आठ..." म्हणाली आणि थांबली. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात मिनिटांत बोलणारा माणूस एकच आहे. तिला सगळं कळलं, तिथल्या तिथे. मी तिच्या तोंडावरून ते कळत जाताना पाहिलं.

मी म्हणायला हवं होतं, अप्पा, ती परत नाही गेली. ती आभाळात होती. मी खोटं बोललो. वीस शब्दसुद्धा नाहीत. मी खिडकीच्या कडीशी चाळा करत राहिलो.

अप्पांनी पेनने त्या ओळीवर टकटक केलं. उत्तर हवं होतं त्यांना.

"हो, अप्पा," ताई म्हणाली. "फाटकापर्यंत आले होते. वर यायचा धीर झाला नाही."

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा नुसता पडला. मग त्यांनी तळहाताने पाटी पुसली. शाई बोटांना लागली, ती चादरीला पुसली, आणि पाटी उशाशी उपडी ठेवून डोळे मिटले. ताईला जे सांगायचं होतं ते त्यांनी त्या दिवशी लिहिलं नाही. नंतरही कधी लिहिलं नाही.

बाहेर बाकड्यावर आम्ही बसलो. समोरून एक बाई फरशी पुसत गेली, आम्ही पाय वर घेतले, मग खाली ठेवले.

"गाडीत आहे म्हणाला होतास का त्यांना?" ताईने विचारलं.

"हो."

"आणि ते काय म्हणाले?"

मी तिला सगळं सांगितलं. ते मला सांगायला निघाले होते, मी थांबवलं, हेही सांगितलं. "त्या दिवशी मी" एवढंच म्हणाले, असं म्हणालो.

"त्या दिवशी मी," ताई म्हणाली. हळू, तोंडात धरून बघितल्यासारखं. पुन्हा एकदा म्हणाली. मग पदराने तोंड झाकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो, तिने तो झटकला.

"तू हो कशाला म्हणालीस?" मी विचारलं. "खरं सांगायचं होतंस त्यांना."

"मी सांगू? तू उभा होतास ना तिथे." तिने डोळे पुसले. "नळी साफ करायची, अंग पुसायचं, ते तू आणि धाकटाच करणार. तुझ्यावरचाही भरवसा गेला तर त्या माणसाजवळ राहिलं काय? माझ्यावर तसाही नव्हताच."

"मी सांगतो. आत्ता जाऊन सांगतो."

"सांग," ती म्हणाली. "मला आवडेल."

खोली चार पावलांवर होती. मी उठलो. पाण्याच्या नळापर्यंत गेलो, पाणी प्यालो, पेला धुऊन जागेवर ठेवला. परत आलो तेव्हा ताई जिना उतरत होती. तिची बस होती. तिने वळून विचारलं नाही, सांगितलंस का म्हणून.

अप्पा त्यानंतर पाच महिने होते. मी दर रविवारी विमानाने जायचो. त्यांना उठवून बसवायचो, नळी साफ करायचो, दाढी करून द्यायचो. ताई दोनदा आली, बसने. तिच्यासाठी ते पाटीवर "जेवलीस का" लिहायचे आणि तिचं उत्तर ऐकून पाटी पुसायचे. माझ्याशी मात्र त्यांची बरी लिहालिही व्हायची. मी खोलीत शिरलो की पाटीवर आधी एकच प्रश्न असायचा, किती मिनिटं लागली? मी सांगायचो, चौतीस. कधी पस्तीस. ते समाधानाने मान हलवायचे, माझा हात थोपटायचे. वीस-एक रविवार मी त्यांना मिनिटं बरोबर सांगितली. दुसरं काही सांगितलं नाही.